‘सुटला’ आणि ‘सोडले’

प्रश्न : कळव्याला राहणारे एक चव्वेचाळीस वर्षांचे वाचक लिहितात, की तीन वर्षांपूर्वी ते दिव्याला राहत असत आणि वागळे इस्टेटमधील एका कंपनीत हिशेबाच्या कामासाठी रोज लोकलने ठाण्याला येत. एका सकाळी गाडीने मुंब्रा सोडल्यावर दारात त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाचा पाय सटकला. त्यांनी त्याच्या सॅकचा पट्टा धरला, क्षणभर त्याला पेललेही. पण पट्टा बकलापाशी तुटला आणि मुलगा खाली गेला. तो वाचला नाही. त्या दिवसानंतर ते लोकलमध्ये चढलेले नाहीत. दिव्याचे घर भाड्याने देऊन ते कळव्याला राहायला आले आणि आता बसने कामावर जातात. रात्री दोन-अडीचला जाग येते, उजव्या तळव्याला घाम फुटतो आणि पट्ट्याची खरखरीत वीण हाताला जाणवते. तो तुटका पट्टा अजून त्यांच्या कपाटात आहे. यंदा मुलीला अकरावीसाठी दादरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ‘लोकलने जायचे असेल तर कॉलेजच नको’ असे ते घरात बोलून गेले. त्यानंतर पत्नीच्या आग्रहाने ते वाशीच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंना भेटले. त्यांनी ईएमडीआर ही डोळ्यांच्या हालचालींची उपचारपद्धती सुचवली; सोबत माइंडफुलनेस (चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा सराव) आणि योग, पण ते ऐच्छिक. थोरले भाऊ म्हणतात, हे संमोहन आहे, त्यापेक्षा इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जा. आई म्हणते, रोज शवासन कर. वाचक विचारतात : ‘मी तर पडलोही नाही, आघात त्या मुलाच्या आईवडिलांना, मला कसला? बोटे हलवून दुःख जाते यावर विश्वास कसा ठेवू? आणि खरेच गेले, तर त्या मुलाला मी दुसऱ्यांदा सोडल्यासारखे नाही का होणार?’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात ‘मी त्याला सोडले’ हे वाक्य चार ठिकाणी आले आहे आणि ‘तो सुटला’ असे एकदाही आलेले नाही. आपल्या भाषेने ही दोन क्रियापदे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. सोडणाऱ्याने मूठ उघडलेली असते. सुटते तेव्हा मूठ मिटलेलीच असते. तुम्हीच लिहिले आहे, की पट्टा तुटला तो बकलापाशी, आणि त्याचा उरलेला तुकडा गाडी ठाण्याला येईपर्यंत तुमच्या मुठीत होता. फलाटावर कोणीतरी तुमची बोटे एकेक करून उघडली. म्हणजे त्या सकाळी ज्याने दगा दिला ते प्लास्टिकचे बकल होते. तुमचा हात शेवटपर्यंत मिटलेला होता, आणि कपाटातला पट्टा त्याचा पुरावा आहे.

हे वाचून तुम्हाला बरे वाटेल, अशी माझी अपेक्षा नाही. असे युक्तिवाद तुम्ही स्वतःशी रात्री अडीच वाजता शेकडो वेळा केले असतील. अडचण अशी, की ते डोक्याला पटतात आणि तळहाताला पटत नाहीत. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर नोंद बरोबर झालेली आहे, पण ती खात्यावर चढलेलीच नाही. तुम्हाला सुचवलेल्या उपचाराचे काम नेमके या जागी आहे.

त्याआधी तुमच्या पहिल्या वाक्याबद्दल. ‘मी तर पडलोही नाही’ हे म्हणणे विनयाचे वाटते, पण ते वस्तुस्थितीला धरून नाही. मानसिक विकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत, दुसऱ्याचा मृत्यू प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडताना पाहणे हे आघाताच्या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट आहे. प्रसंग पुन्हापुन्हा शरीरात जागा होणे, त्याची आठवण देणाऱ्या जागा टाळणे, स्वतःला दोष देत राहणे आणि झोप, चिडचिड, दचकणे यांवाटे सतत सावध असणे, ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, की आघातोत्तर तणाव विकाराचा म्हणजे पीटीएसडीचा विचार करावा लागतो. निदान मी पत्रावरून करणार नाही. ते वाशीच्या बाईंचे काम आहे. मात्र ज्याने आपले घर, नोकरीची वाट आणि आता मुलीचे कॉलेज हे सगळे एका वळणाला वळसा घालून आखले, त्याने ‘मला कसला आघात’ असे विचारणे हा स्वतःवरच अन्याय आहे. आघातांची रांग लावून ‘त्यांचा मोठा, म्हणून माझा नाहीच’ असे ठरवता येत नाही. त्या आईवडिलांचे दुःख तुमच्या बरे होण्याने वाढणार नाही आणि तुमच्या जागरणाने कमीही होणार नाही.

आता बोटे हलवण्याविषयी. तुमचा संशय रास्त आहे आणि तो अभ्यासकांनाही होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ मध्ये बागेत चालताना जाणवले, की मनात त्रासदायक विचार असताना आपले डोळे आपोआप इकडून तिकडे हलत आहेत आणि त्यानंतर त्या विचारांची धार बोथट होते आहे. त्यावरून त्यांनी एक पद्धत बसवली आणि १९८९ मध्ये तिचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग’ हे तिचे लांबलचक नाव; ईएमडीआर ही त्याची आद्याक्षरे. सुरुवातीला तिची बरीच टिंगल झाली. पुढे नियंत्रित चाचण्या झाल्या आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी, आघातकेंद्री सीबीटीच्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या बोलण्याच्या उपचाराच्या) जोडीने, ईएमडीआरची शिफारस केली. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तिला स्थान आहे. भारतात ही पद्धत पसरण्यामागे २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर झालेल्या मदतकार्याचा मोठा वाटा आहे.

डोळेच का हलवायचे, यावर मात्र अजून एकमत नाही. काही अभ्यासकांच्या मते खरे काम आठवणीला सुरक्षित जागी सामोरे जाण्यानेच होते आणि डोळ्यांच्या हालचाली ही वरची सजावट आहे. सध्या अधिक मानले जाणारे स्पष्टीकरण असे : एका वेळी मनात धरून ठेवता येईल अशी जागा मर्यादित असते. प्रसंगाचे चित्र मनात आणायचे आणि त्याच वेळी समोरच्या बोटांचा पाठलाग करायचा, या ओढाताणीत चित्राच्या वाट्याला पुरेशी जागा येत नाही, ते फिकटते, आणि फिकटलेल्या स्वरूपातच पुन्हा स्मृतीत जमा होते. मला हे स्पष्टीकरण पटते. पण कारणाचा वाद मिटेपर्यंत उपचारासाठी थांबावे, इतके ते महत्त्वाचे नाही. म्हणून ‘विश्वास कसा ठेवू’ याचे उत्तर एवढेच, की विश्वासाची येथे अट नाही. संशय घेऊन गेलात तरी चालते. त्याबद्दल बाईंना सांगितलेत तर आणखी उत्तम.

प्रत्यक्षात काय घडते, हे माहीत असले की भीती निम्मी होते. सत्र साधारण साठ ते नव्वद मिनिटांचे असते. उपचाराचे आठ टप्पे आहेत आणि डोळ्यांच्या हालचालींचे मुख्य काम चौथ्या टप्प्यापासून सुरू होते. त्यामुळे पहिल्याच भेटीत कोणी बोटे हलवू लागले तर सावध व्हावे. आधी तुमची हकिकत, झोप, औषधे, घरची परिस्थिती विचारली जाते. मग अस्वस्थ झाल्यावर स्वतःला जागेवर कसे आणायचे, ते शिकवले जाते. मनातल्या मनात जाऊन बसता येईल अशी एक शांत जागा निवडायला सांगतात. तुमच्यासाठी ती उपवन तलावाचा काठ असेल किंवा येऊरची एखादी पायवाट. ही तयारी पक्की झाल्यावर तुमच्या बाई त्या सकाळचे सर्वांत बोचरे चित्र विचारतील. त्या चित्रासोबत स्वतःबद्दल कोणते वाक्य मनात येते, तेही विचारतील. तुमच्या बाबतीत ते वाक्य कोणते, हे मला वेगळे सांगायला नको. आत्ता किती त्रास होतो ते शून्य ते दहामध्ये आणि स्वतःबद्दल काय मानायला आवडेल ते वाक्य आत्ता कितपत खरे वाटते ते एक ते सातमध्ये सांगायचे. तो त्रास शरीरात कोठे जाणवतो, असेही विचारले जाईल. तुम्ही उजवा तळहात पुढे कराल.

मग समोर, किंचित बाजूला बसून त्या दोन बोटे तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर डावी-उजवीकडे हलवतील. डोके स्थिर ठेवून नुसत्या नजरेने त्यांचा पाठलाग करायचा. सुमारे वीस-पंचवीस फेऱ्या, म्हणजे अर्धा मिनिट. मग ‘सोडून द्या, श्वास घ्या, आता काय येते आहे?’ इतकाच प्रश्न. जे येईल ते सांगायचे : बकलाचा आवाज, खांद्यातली कळ, कधी भलतेच काही, शाळेतली एखादी आठवणसुद्धा. त्यावर चर्चा नाही, उपदेश नाही. पुन्हा पुढची फेरी. साराच प्रसंग तपशीलवार बोलून दाखवण्याची सक्ती नसते, आणि हा मला या पद्धतीचा सर्वांत मोठा दिलासा वाटतो, कारण ज्यांच्याच्याने बोलवत नाही त्यांनाही ती घेता येते. तुम्ही पूर्ण जागे असता, हात वर करून केव्हाही थांबवू शकता. त्यामुळे थोरल्या भावांना सांगा, की हे संमोहन नव्हे. (आणि शेजारी कोणी त्राटक म्हणाले, तर तेही नव्हे, त्राटकात नजर एका जागी स्थिर करायची असते, येथे ती धावती ठेवायची असते.) डोळ्यांचा काही आजार असेल, पूर्वी फिट आली असेल, तर आधीच सांगावे, बोटांऐवजी तळहातांवर आळीपाळीने थाप देऊन किंवा दोन्ही कानांत आलटून पालटून आवाज ऐकवूनही हे काम होते. डोळे दुखू लागले तर सहन करत बसू नये.

एक बारीक पण तुमच्यासाठी मोठी गोष्ट. या पद्धतीत रुग्णाला समजावताना बरेचदा असे सांगितले जाते : ‘समजा, तुम्ही आगगाडीत बसला आहात आणि आठवणी खिडकीबाहेरच्या देखाव्यासारख्या मागे जात आहेत.’ इतरांना ही उपमा सुखद वाटते. तुम्हाला ती काय करील, ते आपण दोघेही जाणतो. बाईंना आधीच सांगा, की गाडीची उपमा नको. पडद्यावरचा सिनेमा किंवा तलावाच्या काठावरून दिसणाऱ्या नावा असे दुसरे काही वापरा. असे सांगण्यात उद्धटपणा नाही. उपचार करणाऱ्याला नेमकी हीच माहिती हवी असते.

सत्रानंतर दोन-तीन दिवस स्वप्ने वाढू शकतात, मन हळवे होते, थकवा येतो. म्हणून सत्र शक्यतो शनिवारी घ्या आणि परतीच्या बसमध्ये पत्नीला सोबत असू द्या. महिनाअखेरीस हिशेब मिटवायचे असतील त्या आठवड्यात सत्र नकोच. एकाच प्रसंगाचा आघात असेल तर अनेकांना सहा ते बारा सत्रे पुरतात, तरीही तो आकडा करार मानू नका. ‘एका बैठकीत बरे करतो’ म्हणणाऱ्याकडे कोणी जाऊ नये. असा उपचार घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात : चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ईएमडीआरचे प्रशिक्षण देखरेखीखालील सरावासह पूर्ण झाले आहे का, आणि एका सत्राची फी किती. फी परवडत नसेल तर तेही पहिल्याच भेटीत बोलावे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय सरकारी आहे आणि तेथील बाह्यरुग्ण विभागात दाखवायला जाणे म्हणजे ‘ठाण्याला भरती होणे’ नव्हे, हे ठाणेकरांनी तरी आता एकमेकांना सांगायला हवे. ईएमडीआर नको वाटली, तर आघातकेंद्री सीबीटी हा तितकाच भक्कम पर्याय आहे. औषधांचीही मदत होते, पण ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेली. झोपेची गोळी कोणाच्या डब्यातून उसनी घेऊ नये.

आता योग आणि माइंडफुलनेस. तुम्ही लिहिता, की मोबाइलवरच्या ध्यानाच्या ॲपवर प्रयत्न केला, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले आणि दुसऱ्याच मिनिटाला चाकांचा खडखडाट कानांत भरला. त्यावरून तुम्ही निष्कर्ष काढलात, की ज्याला साधे ध्यान जमत नाही त्याला उपचार काय जमणार. योग म्हणजे जणू प्रवेशपरीक्षा आणि उपचार म्हणजे पुढचा वर्ग, असे तुम्ही धरून चालला आहात, आणि माझ्या मते पत्रातली सर्वांत अवघड गाठ ही आहे. बाईंनी ‘ऐच्छिक’ म्हटले ते अगदी जबाबदारीने. आघात झालेल्या माणसाने डोळे मिटले, की बाहेरचे जग नाहीसे होते आणि आतले दृश्य मोकळे सुटते. जे तुम्हाला घडले ते पुष्कळांना घडते. त्यात तुमचे नापास होणे कोठेच नाही.

तरीही या दोन्हींचा उपयोग आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर उपचारांना दाद न देणारा जुना पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे आघाताचे भान ठेवून शिकवलेला योग दिला गेला आणि त्यांच्यातील निम्म्याहून अधिक जणी शेवटी निदानाच्या निकषांत बसत नव्हत्या; तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते. लक्षात घ्या, त्या योगात आसन ‘अचूक’ करण्यावर भर नव्हता. आपल्या शरीराचे काय करायचे, ते आपण ठरवायचे, यावर होता. माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केला तो दीर्घकालीन दुखणी आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी. आघातात त्याचा फायदा होतो, पण बेताचा. म्हणून जोडीला घ्यायला दोन्ही चांगले. मुख्य उपचाराच्या जागी बसवायला मी सांगणार नाही.

तुमच्यापुरते बोलायचे तर आईंचे शवासन सध्या बाजूला ठेवा. उताणे, डोळे मिटून, हालचाल न करता पडणे हे सावध झालेल्या शरीराला सगळ्यांत कठीण. त्याऐवजी डोळे उघडे ठेवून ताडासनात उभे राहा, तळपायांखालची फरशी किती गार आहे ते पाहा, खिडकीतून दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मनात घ्या. माइंडफुलनेस ती हीच. कपालभाती आणि भस्त्रिका सुरुवातीला नकोत. वेगवान श्वासाने छातीत जी धडधड होते ती आणि घाबरल्यावर होते ती, यांतला फरक शरीराला कळत नाही. ठाण्यात योगवर्गांची वानवा नाही, घंटाळी मित्र मंडळासारखी योग शिकवण्याची जुनी परंपरा येथे आहे. वर्ग निवडताना शिक्षकांना एवढेच सांगा, की मला दाराजवळची जागा हवी आणि न विचारता हात लावून आसन दुरुस्त करू नये. कारण सांगण्याची गरज नाही.

इगतपुरीबद्दल थोरल्या भावांचा हेतू चांगला आहे आणि विपश्यनेविषयी मला आदर आहे. पण दहा दिवस मौन, रोज सुमारे दहा तास बैठक, घरच्यांशी संपर्क नाही आणि सोबत आघाताचा उपचार जाणणारे कोणी नाही, हे ज्याला दुसऱ्या मिनिटाला चाके ऐकू येतात त्याने आत्ता करू नये. उपचार पूर्ण झाल्यावर जावेसे वाटले तर बाईंशी बोलून जा आणि अर्जात मानसिक त्रासाची माहिती प्रामाणिकपणे लिहा.

मुलीचे कॉलेज तुमच्या उपचाराच्या वेगावर अवलंबून ठेवू नका, कारण प्रवेशाची मुदत थांबणार नाही. येथे मला तुमची बाजूही घेतली पाहिजे : गर्दीच्या लोकलचा धोका हा तुमच्या मनाचा खेळ नाही, तो खरा आहे. मुलीने दारात उभे राहू नये, खच्चून भरलेली गाडी सोडून द्यावी, शक्य तेव्हा ठाण्याहूनच सुटणारी गाडी धरावी, हे बापाने सांगणे योग्यच आहे. काळजी वाट दाखवते आणि भीती वाट बंद करते. ‘कॉलेजच नको’ हे दुसऱ्या प्रकारचे वाक्य होते. पहिले काही आठवडे आईने तिला पोहोचवावे. आणि बाबा का भडकले, ते तिला चार वाक्यांत सांगा. सोळा वर्षांच्या मुलीला तेवढे पेलते. न सांगितलेले मात्र तिच्याकडून पेलले जात नाही, कारण ती ते स्वतःवर घेते. तुमचा स्वतःचा प्रवास उपचाराच्या शेवटाकडे येईल : आधी दुपारच्या रिकाम्या वेळी फलाटावर दहा मिनिटे, मग दारे बंद होणारी एसी लोकल, तीही एकच स्थानक. हे एकट्याने, हिंमत अजमावण्यासाठी, आत्ताच करून पाहू नका.

रात्री ‘त्याच्याऐवजी मीच गेलो असतो तर’ असे वाटते, असेही तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. ती ओळ पुढच्या भेटीत बाईंना वाचून दाखवा. तो विचार बळावला, तर भेटीची वाट न पाहता १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

राहिला शेवटचा प्रश्न, दुसऱ्यांदा सोडण्याचा. या उपचाराने आठवण पुसली जात नाही. ज्यांचा उपचार पूर्ण झाला त्यांना प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवतो. फरक इतकाच, की तो आठवतो, पुन्हा घडत नाही. आज तुम्हाला तो मुलगा फक्त पडताना दिसतो. उपचारानंतर कदाचित त्याआधीचा तोही दिसेल, जो तुम्ही पत्रात कंसात लिहून ठेवला आहे : दिव्याला गाडीत चढताना ‘काका, जरा सरकता का’ म्हणून हसलेला.

पत्नीचे म्हणणे, तो पट्टा खाडीत सोडून द्यावा. त्यांची तगमग मला समजते, पण आत्ता नको. तो कपाटातच राहू द्या. बाईंना त्याच्याबद्दल सांगा, त्या म्हणाल्या तर एखाद्या सत्राला पिशवीत घालून घेऊन जा. त्याचे काय करायचे ते उपचार संपल्यावर तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. ठेवायचे ठरले, तरी माझी काही हरकत नाही.